वहमी मिस्त्रींनी काढलेला पार्ट

वहमी मिस्त्री स्वतःच कसलेला नट चहा पिऊन आले की पुन्हा कसून पाहायचे. मधल्या वेळात गॅरेजमध्ये चिटपाखरूही आलेलं नसायचं, हे त्यांना ठाऊक असायचं. तरी पाना लावून एक हिसका द्यायचे, आणि नट हलला नाही की चेहऱ्यावर समाधानाऐवजी निराशाच दिसायची. चोर पकडायला जावं आणि चोर देवळात भजन करताना सापडावा, तशी.

अनसिंगहून वाशिमकडे निघालं की डाव्या हाताला त्यांचं टिनाचं गॅरेज होतं. पाटीवरचं नाव धुराने कधीच खाल्लं होतं, त्यामुळे सगळ्या पंचक्रोशीने त्यांना वहमी हेच नाव लावलं. त्यांना ते माहीत होतं. "लोकं म्हणत असतीन," असं म्हणून ते विषय संपवायचे. त्यातही त्यांना थोडा संशय होताच.

त्यांची एक रीत मात्र साऱ्या मिस्त्री लोकांत वेगळी होती. गाडीतून काढलेला जुना पार्ट ते पेपरात गुंडाळून मालकाच्या हातात ठेवत. झिजलेली बेअरिंग, फुटका पाइप, काहीही असो. "घरी न्या, पाहा, मंग फेका. नाही तं म्हणसान, मिस्त्रीनं बदललंच नाही." मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, तुमच्यावर कोण वहम घेते?" तर म्हणाले, "जो मले असं विचारते, तो."

माझं बिछायत केंद्र आहे. गाद्या, सतरंज्या, मंडप, स्वयंपाकाची मोठाली गंजं. लोकांच्या सुखदुःखात अंथरायचं आणि उरकलं की झटकून गुंडाळायचं, हा माझा धंदा. एका बारशात चुकून तेरवीचे पांढरे पडदे लावून आलेला माणूस म्हणून मी तालुक्यात प्रसिद्ध आहे. तेव्हा पुढे जे सांगतो आहे ते वाचून माझ्या ओळखीतल्या कोणाला नवल वाटणार नाही.

माझ्या जुन्या जीपचं इंजिन बसलं. माझे साडू इंझोरीला असतात, शेतकरी माणूस. त्यांनी एका उलटलेल्या जीपचं तसंच इंजिन शोधून दिलं आणि त्यांच्याच ओळखीच्या फिटरकडून बसवूनही दिलं. इंजिन झकास होतं. पण घरी आणल्यावर गिअर पडेनात. पहिला टाकताना दांडा आडमुठेपणा करायचा, आणि रिव्हर्स टाकला की खालून असा कर्र आवाज यायचा की शेजारची म्हैस दावं ताणून उभी राहायची.

माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. इंजिन बदलताना गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. माझा गिअरबॉक्स चांगला होता. तो ठेवून घेतला असणार आणि त्या उलटलेल्या जीपचा मला चिकटवला असणार. साडू असं करतील? न करायला काय झालं, साडूच आहेत, सख्खे भाऊ थोडेच आहेत! संशयाचं बी टाकलं की त्याला पाण्याची गरज नसते.

मी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ती बंद ठेवूनच सगळे गिअर टाकून पाहिले. सुरू करून पाहिले. दोन्ही वेळा गिअर गुपचूप पडले. रिव्हर्ससुद्धा.

"हे पाहा भाऊ," मिस्त्री म्हणाले, "गिअरबॉक्स बिघडला असता तं बंद गाडीतही कुरकुर केली असती. चालू गाडीतच कर्र वाजते म्हणता, म्हंजे क्लच पुरा सुटत नाही. पण इथं तं सुटून राह्यला."

"घरी वाजते ना पण."

"घरी बाकी काय काय वाजते?"

मी घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा कर्र. पुन्हा गॅरेज. पुन्हा गाडी गरीब गाय. हा खेळ बरेच दिवस चालला. गाडीचं तोंड मिस्त्रींच्या दिशेला वळलं की तिला अक्कल यायची. डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरतो तसं. मिस्त्रींनी क्लचचं ऑइल पाहिलं, दांडा पाहिला, गाडीखाली पडून टॉर्च मारला. मी म्हणत होतो, गिअरबॉक्स उघडा, आत माझा माल आहे का दुसऱ्याचा, ते पाहू. ते म्हणत होते, "मी वहमी आहो, पण वहमावर पाना उचलत नाही."

त्यातच एके दुपारी त्यांच्या गॅरेजसमोर साडूंची मोटरसायकल उभी दिसली. आत दोघं चहा पीत होते. मी न थांबता पुढे गेलो, पण गाडीपेक्षा डोकं जास्त वेगाने पळत होतं. तरीच गिअरबॉक्स उघडत नाहीत! तरीच माझ्यावर उलट वहम!

आणि नेमका इंझोरीहून साळीचा फोन आला. त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता. मी बायकोला सांगून टाकलं, गिअरबॉक्स उघडल्याशिवाय मी त्या दारात पाय ठेवणार नाही.

बायको भाकरी थापत होती. थांबली नाही. "ते माही बहीण आहे," ती म्हणाली, "गिअरबॉक्स नाही." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली आणि कामं भराभर कमी होत गेली.

शेवटी मी मिस्त्रींपुढे जाऊन उभा राहिलो. "उद्या गाडी वाशिमले नेतो. तिथं उघडतो. आत माझा माल नसला तं साखरपुड्याच्या मांडवात, पाहुण्यांसमोर साडूले विचारतो."

"मांडव कोणाचा राह्यते?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझाच. दुसऱ्या कोणाचा?"

"स्वतःच्याच मांडवात पंचायत." त्यांनी हात पुसले. थोडा वेळ माझ्याकडे असं पाहत राहिले, जसं ते फक्त आवाज करणाऱ्या इंजिनाकडे पाहायचे. "माणसावर वहम धरला भाऊ, तं तो निघत नाही. गाडीवर धरला तं पान्यानं निघते. सकाळी गाडी कवा काढता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटेत टाकायच्या सतरंज्या भरून गाडीत बसलो, तेव्हा मिस्त्री दारात उभे. ना फोन, ना निरोप.

"खाली उतरू नका. चालू करा. टाका रिव्हर्स."

मी टाकला. कर्र! म्हैस उभी राहिली. मी विजयाने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांचं लक्ष दांड्याकडे नव्हतंच. ते माझ्या पायाकडे पाहत होते.

"पाय वरते घ्या."

त्यांनी वाकून रबरी मॅट उचलली. मॅटखाली घडी घालून ठेवलेली गोधडी होती. मोठी, जाड, उबदार.

तिचं असं झालं होतं. इंजिन बदलताना पायाखालच्या पत्र्यावरचा जाड थर फाटून गेला होता, आणि नव्या इंजिनाने पाय भाजायचे. म्हणून मी घरातली गोधडी चौघडी करून तिथे अंथरली. बायकोच्या आईच्या लुगड्यांची ती गोधडी, दोघी बहिणींनी मिळून शिवलेली, एका कोपऱ्यात हिरवा काठ. त्यामुळे बायकोने अट घातली होती, मिस्त्रीच्या गॅरेजात ऑइलचे पाय पडतात, तिकडे जाताना गोधडी काढून ठेवायची. मी दर वेळी इमानाने काढून ठेवत होतो; वाशिमचं गॅरेज त्या अटीत नव्हतं.

मिस्त्रींनी गोधडी बाहेर ओढली. "आता क्लच दाबा. पुरा."

पाय खाली गेला. आणखी खाली गेला. इतकं खाली जाता येतं हे मी विसरलोच होतो. रिव्हर्स असा पडला की मला वाटलं, पडलाच नाही.

दारात बायको उभी होती.

"गाडी माह्याकडं आली की साधी, तुमच्याकडं आली की हरामी," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "मंग म्हटलं, दोन जागी फरक काय, ते जागेवरच जाऊन पाहू. सांगून गेलो असतो तं तुमी साफसफाई करून ठेवली असती." मग गोधडी काखेत मारत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आयुष्यभर लोकाईच्या दारात बिछायत टाकली. गाडी तेवढी राह्यली होती."

मी गोधडीसाठी हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. "हा एकच पार्ट मी वापस करत नाही. केला तं तुमी अजून टाकसान." त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली, आणि मला दिसू नये म्हणून पदर तोंडाला लावून आत गेली.

साखरपुड्याला आम्ही गेलो. साडूंनी मला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि पहिला प्रश्न केला, "गिअर कसे पडून राह्यले भाऊ? मले तं झोप नोती. तुमच्या मिस्त्रीकडं जाऊन इचारलं म्या, इंजिनात काई खोट तं नाही ना. आपल्या हातून दिलेली वस्तू." माझ्या तोंडात बुंदीचा घास होता. तो बराच वेळ चावावा लागला.

पुढे कित्येक वर्षं मिस्त्री गाडीखाली शिरताना तीच गोधडी पाठीखाली घेत. मी तिथे गेलो की तिच्याकडे पाहायचं टाळत असे.

मग त्यांची कंबर गेली. मुलाने नागपूरला बोलावलं आणि गॅरेज बंद करायचं ठरलं. मी भेटायला गेलो तेव्हा टिनाची शेड रिकामी होती. मिस्त्री बाहेर खुर्चीवर बसून दाराच्या उघड्या कुलपाकडे पाहत होते. मला पाहून त्यांनी एक पेपरातलं गाठोडं पुढे केलं.

"घ्या. जुना पार्ट मालकाले देत असतो मी. धुवून आणली."

मी गाठोडं काखेत घेतलं.

"पाहून घ्या नीट," मिस्त्री म्हणाले. "मी बदलली असन तं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. आणि खरं सांगतो, हसता हसताच माझा हात आपोआप पेपराखाली गेला, कोपरा उलटला आणि मी हिरवा काठ पाहिला.

वर पाहिलं तर मिस्त्री कुलूप लावत होते. लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.

"मी म्हटलं नोतं?" ते पाठमोरेच म्हणाले. "निघत नाही."