पिवळ्या उजेडातली हळद

विट्याच्या बाहेर, सांगली रस्त्याला इंद्रजित शेठचं हॉटेल आहे. अठरा खोल्या. त्या खोल्यांची बाथरूम घासणारी बाई म्हणजे बनुबाई कोळेकर. वय बावन्न, कवठे महांकाळकडची, मेंढरांमागं वाढलेली. हॉटेलच्या फोटोंत ती कुठंच नाही, पण फोटोत जे चकाकतं ते तिनं घासलेलं असतं. म्हणून तिच्याबद्दल लिहितोय. शांतपणे लिहावं असं काही घडलेलं नाही, तेव्हा तशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

इंद्रजित शेठ मूळचा गलाईवाला. वीस वर्षं तिकडं तमिळनाडूत जुनं सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान चालवलं, मग गावाकडं येऊन हॉटेल बांधलं. गेल्या वर्षी त्यानं सगळ्या बाथरूमना नवे आरसे आणले, मागून दिवा पेटणारे. निवडले कुठं? मोठ्या दुकानात, जिथं छताला चाळीस दिवे आधीच जळत होते. बटण दाबलं, आरशाभोवती पिवळंधमक कडं उजळलं, शेठ गार. सोनंच आठवलं असणार गड्याला! हॉटेलात येऊन बेसिनवरची ट्यूबलाईट काढायला लावली. म्हणे शोभा जाते.

बाथरूमला खिडकी नाही. दार लावलं की आरशामागची भिंत लखलखते आणि समोर उभ्या माणसाचं तोंड काळं. मी विचारतो, दाढी भिंतीला करायची असते का?

बनुबाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मालक, ह्यात कायबी दिसंना." शेठ हसला. "तुला आरसा कशाला गं बघायचा आता?" सगळे हसले. तिनं तिचा मार्ग काढला. मेंढराच्या लोकरीत अडकलेली कुसळं ती लहानपणी अंधारात बोटानं शोधायची. तसंच आता बेसिन, नळ, फरशी बोटानं चाचपून घासायची. जिथं बोट पुरत नव्हतं तिथं फोनचा टॉर्च लावायची. तर मॅनेजर विश्वजीतनं नियम काढला, कामावर फोन नको. टॉर्चसुद्धा नको. फोन काउंटरच्या ड्रॉवरमध्ये जमा.

आणि मग लग्नसराई आली.

एका वऱ्हाडानं खोलीत हळद लावली, सकाळी ते गेलं, दुपारी त्याच खोलीत साताऱ्याचं वऱ्हाड उतरलं. मधल्या वेळात बनुबाईनं दोनदा बेसिन घासलं. पण हळदीचा डाग बोटाला जाणवत नाही, तो डोळ्यालाच दिसतो. आणि पिवळ्या उजेडात पिवळा डाग कुणाच्या बापाला दिसेल? नवऱ्याचा मामा पांढरा शर्ट घालून बेसिनला टेकला. बाहेर उजेडात आला तर पोटावर पिवळा पट्टा. त्यानं सगळं हॉटेल डोक्यावर घेतलं.

शेठनं एक कागद टाइप करून घेतला. 'माझ्या कामचुकारपणामुळे पाहुण्यांना त्रास झाला, मी माफी मागते.' काउंटरपुढं सगळ्या नोकरांना उभं करून स्वतः मोठ्यानं वाचला. "सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

बनुबाईला सही येते. प्रौढांच्या वर्गात शिकली, नावातला ण-न कधी चुकत नाही. तिनं पेन खाली ठेवला. "म्या कामचुकार न्हाई." एवढंच बोलून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. मी स्टँडजवळ अर्ज लिहून देतो आणि नको तिथं भांडतो, हे सगळ्या विट्याला ठाऊक आहे.

"नोकरी परत पायजे का?" मी विचारलं.

"नोकरी दुसरीबी मिळंल, दादा. पर त्यो कागद ऱ्हायला, तर नाव त्येच ऱ्हाईल."

मी तिला घेऊन थेट हॉटेलात.

"आलं पुढारी," शेठ म्हणाला. "चहा घेणार का मोर्चा काढणार?"

"आधी बाथरूम दाखवा."

एका खोलीच्या बाथरूममध्ये गेलो. आरसा पेटवला, दार लोटून घेतलं. तिघं उभे, तिघांचीही तोंडं काळवंडलेली. म्हटलं, "शेठ, बोटातली अंगठी काढा. आतला शिक्का वाचून दाखवा."

"त्यात काय." त्यानं अंगठी काढली. आरशाजवळ धरली, लांब धरली, डोळे बारीक केले. मग दार उघडलं, खोली ओलांडली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. वीस वर्षांची सवय ती! गलाईवाला सोनं कधी दिव्याखाली पारखत नाही, दुकानाच्या उंबऱ्यात, दिवसाच्या उजेडात पारखतो.

"कुठं निघालासा, मालक?" बनुबाई आतूनच बोलली. "हितंच वाचा की. मला बरं हितंच दिसाय पायजे हुतं?"

शेठ खिडकीशीच थांबला. अंगठी बोटात घालायलाही विसरला.

"बरं, सही राहू दे," तो शेवटी म्हणाला. "उद्यापासून ये."

"आन् कागद?"

"कागदाचं बघू."

बघू! मोठ्यानं वाचताना 'बघू' नव्हतं. माझं डोकं फिरलं, पण बनुबाईनं मला हातानं थांबवलं. "आरसं बदला आदी. मी संगं येतो निवडाय. कागदाचं तवा बोलू."

दोन दिवसांनी शेठसकट आम्ही सांगलीला आरशांच्या दुकानात गेलो. दुकानदार सुमंत, गोड माणूस, एकेक आरसा पेटवून दाखवायला लागला. बनुबाईनं कमरेची पिशवी सोडली. आत पांढरा रुमाल, हळदीची पुडी, कुंकवाचा करंडा.

"दुकानातलं बाकीचं दिवं घालवा," ती म्हणाली.

"मावशी, मग दिसणार काय?"

"त्येच बघायचं हाय."

दिवे गेले. तिनं रुमालावर चिमूट हळद घासली आणि एकेका आरशाखाली धरली. पिवळ्या उजेडाच्या तिन्ही आरशांत डाग गायब. मग आरशासमोर उभं राहून कुंकू लावायची. उजेड मागच्या भिंतीवर पडत होता तिथं कुंकू वाकडं लागलं. पुसायची, पुढं सरकायची. शेवटी एक साधा आरसा लागला. दोन्ही बाजूंना समोर तोंड केलेल्या पांढऱ्या पट्ट्या. कुंकू गोल, हळद स्पष्ट. "ह्यो," ती म्हणाली. "आन् फरशीसाठी छताला एक दिवा निराळा. आरसा तोंड दावतो, पाय न्हाई."

सुमंत शेठकडं वळून म्हणाला, "साहेब, असं पारखून घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय." शेठनं तसलेच आरसे सांगितले.

अठरा आरसे लागले. त्या दिवशी बनुबाई काउंटरपुढं येऊन उभी राहिली. विश्वजीतसकट सगळे होते.

"मालक, साऱ्यांच्या म्होरं वाचला हुतासा."

शेठनं ड्रॉवर उघडला. कागद काढला, इकडंतिकडं पाहिलं. मी मुद्दाम त्याच्या डोळ्याला डोळा लावून उभा होतो. "चूक माझी होती," तो पुटपुटला.

"वाचताना आवाज मोठा हुता."

"चूक माझी होती! आरशाची!" म्हणत त्यानं कागद फाडला, एकदा, दोनदा, चारदा. रागारागात तुकडे फरशीवर टाकायला हात वर केला.

"खाली टाकू नगासा," बनुबाई म्हणाली. "झाडायचं मलाच हाय."

शेठनं ते तुकडे स्वतःच्या खिशात घातले. बनुबाईनं ड्रॉवरमधला, सकाळी जमा केलेला आपला फोन उचलला, कमरेला खोचला आणि बादली घेऊन वर गेली.