सोळाच्या खोडाला पान नाही

रविवारी सकाळी आमच्या कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये बिल्डिंगमधली पाच मुलं गणिताला येतात. सगळी सातवीतली. मी शाळेत गणित शिकवते. सहा दिवस शाळेत ओरडून हिचं समाधान होत नाही म्हणून सातव्या दिवशी घरी ओरडते, असं माझे वडील सगळ्यांना सांगतात. खोटं नाही ते.

त्या रविवारी खोड-पानांचा तक्ता शिकवायचा होता. १२४ हा आकडा घेतला, तर १२ हे खोड आणि ४ हे पान. खोडं एकाखाली एक लिहायची आणि ज्याची पानं त्याच्यापुढे आडवी मांडत जायची. आकडे कुठं दाटलेत, कुठं विरळ आहेत, हे नुसतं बघून कळतं. पुस्तकातल्या क्रिकेटच्या धावा मुलांना पाठ झाल्या होत्या. मला खरे आकडे हवे होते, म्हणून मी बाबांची शुगरची वही मागितली.

बाबांचा जन्म सरकारी कचेरीत रजिस्टरं लिहिण्यात गेला. ही वहीही तशीच होती. तारीख, वार, सकाळची उपाशीपोटीची शुगर, निळी शाई, एक खाडाखोड नाही. सुई टोचणं, पट्टी लावणं, लिहिणं, सगळं स्वतः करायचे. कुणाला हात लावू देत नसत. दर महिन्याला मी त्या पानांचा फोटो काढून कोठी भागातल्या डॉक्टरांना पाठवायचे. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ते आकडे बघून गोळी वाढवली होती. तेव्हापासून अकराच्या सुमाराला बाबांना दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे. आम्ही उन्हाळ्याला दोष देत होतो.

बाबांनी खुशीत वही दिली आणि खुर्ची ओढून मुलांच्यात बसले. एकानं आकडे वाचायचे, बाकीच्यांनी फळ्यावर मांडायचे, असं चाललं. तीन महिने मांडून होईपर्यंत अठराची ओळ फळ्याच्या काठाला टेकली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला प्रत्येक गोष्टीत शंका असते. ती म्हणाली, "आंटी, सोला में कोईच नै है. दस में बी नै, उन्नीस में बी नै."

रिकामं खोडही लिहायचं असतं, पुढे चल, असं मी तिला सांगितलं. ती हलेना.

"पत्तों में बी देखो ना आंटी. झीरो नै, छे नै, नौ नै. आठ कित्ते हैं!"

मी बघितलं. ऐंशी-नव्वद आकड्यांत एक शून्य नाही, एक सहा नाही, एक नऊ नाही. न घेतलेल्या मोजमापांच्या वह्या मी शाळेत इतक्या तपासल्या आहेत की मला ते ओळखू येतं. मनानं आकडे लिहायला लागलं की काही आकडे लाडके होतात. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "बाबा, टोचून न घेताच आकडे लिहिता ना तुम्ही?"

मुलांना मराठी येत नाही, पण सूर त्यांना कळला.

बाबांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटांच्या टोकांवर टोचल्याचे काळे ठिपके होते, जुन्यांच्या शेजारी नवे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन आण," ते म्हणाले.

त्यांनी सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. मशीन आधी लांब धरलं, मग अगदी नाकाजवळ. कपाळावर घाम आला होता.

"अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले. "लिही."

मशीनवर ६९ होते. सत्तरच्या खाली म्हणजे धोका.

मी धावत जाऊन ग्लासभर पाण्यात साखर ढवळून आणली. ते घोट घोट पीत असताना मशीनमधले मागचे आकडे काढून वहीशी ताडून पाहिले. मशीनमध्ये १०६, १०९, १६०. वहीत त्याच तारखांना १८८, १८८, १८८. त्या मशीनचे आकडे आखूड रेघा जोडून केलेले असतात. बाबांच्या अधू डोळ्यांना शून्य, सहा आणि नऊ सगळे आठच दिसत होते. त्या आठांवर गोळी वाढली होती, आणि ते आठ डॉक्टरांना मी पाठवले होते. दर महिन्याला वही हातात घेऊन मी अक्षराचं कौतुक केलं आणि आकडे एकदाही नीट वाचले नाहीत. म्हणे गणिताची बाई! मला स्वतःची चीड आली आणि भीतीही वाटली.

मुलांना घरी पाठवून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वाढवलेली गोळी लगेच बंद करायला सांगितली, आणि डोळे दाखवायला. अर्ध्या तासानं पुन्हा तपासलं. ११२. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मला जे दिसलं ते लिहिलं," बाबा म्हणाले. "खोटं नाही लिहिलं गं."

"माहीत आहे, बाबा."

"तू पोरांसमोर विचारलंस."

पुढच्या रविवारी मुलं आली, तेव्हा वह्या उघडायच्या आधी मी बाबांची माफी मागितली. हिंदीत मागितली, सगळ्यांना कळावी म्हणून.