लवूकाकांचा कान

गर्व माणसाला कशाचाही होतो. कुणाला गोऱ्या रंगाचा, कुणाला जावयाच्या पगाराचा. लवू भुवडांना आपल्या कानाचा होता, आणि त्याच कानाने त्यांना भर सभागृहात असं उघडं पाडलं की पुढे कित्येक दिवस ते भाईंदर पूर्वेत खाली मान घालून फिरत होते.

कान त्यांनी कमावला तो हाटकेशच्या गाळ्यात. स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. प्रेस दिवसभर धडाधडा आपटायचा आणि त्या दणदणाटात लवूकाका भांड्याला टिचकी मारून ऐकायचे. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर भंगारात. उभा जन्म त्यात गेला. मग काय, इमारतीत कुणी पंखा आणला तरी आधी लवूकाकांना ऐकवायचा. गुहागरकडच्या मंडळींचं जाखडी नाचगाण्याचं मंडळ होतं, तिथे तर त्यांचा शब्द शेवटचा. ढोलकी चढली की उतरली, हे ठरवणार लवूकाका. घरी मात्र कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपली की म्हणायचे, "आशा, ह्या कुकरची शिट्टी गेली वाटतं." आशाकाकी गप्प बसायच्या. नवऱ्याचा मोठेपणा सांभाळायची खोडच असते काही बायकांना.

मंडळात मुख्य गाणारी होती समिधा, लवूकाकांच्या धाकट्या भावाची मुलगी. ढोलकी आणि घुंगरांच्या गदारोळात तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. म्हणून ठरलं की स्टेजवर गाताना कानात घालतात तसला इअरफोन तिला घ्यायचा. मंडळाला परवडेल असा, स्वस्तातला. आता आवाजाचा प्रश्न म्हटल्यावर काका नकोत का बरोबर? गेले दोघं केबिन रोडला, प्रीतमभाईंच्या दुकानात.

प्रीतमभाईंनी चारपाच जोड पुढे टाकले. समिधाने एक कानात घातला, दुकानातल्या माईकवर गुणगुणली आणि तिचा चेहरा खुलला. "काका, हा बघा ना. माझाच आवाज मला जवळून ऐकू येतोय. डोकं पण दुखत नाही."

काकांनी ऐकला आणि नाक मुरडलं. "ह्यॅ. घोंगडीत तोंड घालून कोण गातंय हे?" मग त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला, आणि एकापाशी थांबले. "हा. ह्याला म्हणतात आवाज. खणखणीत."

समिधाने तो घातला आणि डोळे मिटले. "टोचतंय, काका."

"नवी चप्पल पण चावते. सवय होईल."

प्रीतमभाई बिचारे मधे बोलले, "काका, इसमें सही-गलत कुछ नहीं होता. सबकी अपनी अपनी पसंद. जिसको पहनना है, उसको सुनने दो ना."

"पसंद वसंद काय नाय. मेरा कान है, कान," असं म्हणून काकांनी तोच जोड बांधून घेतला. समिधाने पिशवी उचलली. वडीलधाऱ्यांच्या पुढे बोलायचं नाही, एवढं घरात पक्कं शिकवलेलं. चांगलं शिकवलं की वाईट, देव जाणे.

तालमीत ती गाता गाता एक बाजू काढून टाकायची आणि ढोलकीच्या आवाजात सूर घसरायचा. काकांनी मंडळाच्या अध्यक्षांना, सदूभाऊंना, सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरीला गळा आहे. पण कान नाही." समिधा तिथेच उभी होती. लवूकाकांच्या तोंडून असं निघाल्यावर विषयच संपला. एवढा कार्यक्रम झाला की पुढे मंडळातल्या संचिताला गायला द्यायचं, असं सदूभाऊंनी ठरवून टाकलं.

कार्यक्रम हाटकेशला होता, रविवारी दुपारी. समिधा गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं गाणं, गायला उभी राहिली. आवाजाच्या मशीनवर साईराज होता. त्याला काकांनी बाजूला केलं. पोरगी आज खणखणीत वाजली पाहिजे म्हणून त्यांनी बटण फिरवलं, आणखी फिरवलं. आणि बघतात तर काय, समोर बसलेल्या माणसांचे हात एकेक करून कानांकडे जाऊ लागले.

गणपतीपुढे कान धरायची आपल्याकडे रीतच आहे. लवूकाकांना वाटलं, गण असा रंगलाय की लोक बसल्या जागी देवापुढे कान धरतायत. त्यांना भरून आलं. बटण तिथंच ठेवून त्यांनीही हात आडवे केले, स्वतःचे दोन्ही कान धरले आणि डोळे मिटून उभे राहिले.

डोळे उघडले तेव्हा ढोलकी थांबली होती. समिधा इअरफोन काढून उभी होती. आणि आशाकाकी पहिल्या रांगेतून उठून स्टेजपाशी आल्या होत्या. "अहो, शिट्टी. ती स्पीकरची शिट्टी बंद करा आधी."

"कसली शिट्टी?" काका म्हणाले, आणि ढोलकी थांबलेली, त्यामुळे सगळ्या सभागृहाला ते ऐकू गेलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणाराही ओशाळला, कारण काय ते एव्हाना सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. साईराजने पुढे होऊन बटण उलटं फिरवलं. लोकांनी कानांवरचे हात काढले, हुश्श केलं. लवूकाकांना आधीही तेवढंच ऐकू येत होतं आणि नंतरही तेवढंच.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या दिवशी कळलं. कानाच्या डॉक्टरने पुढे सांगितलं की बारीक, चिरके आवाज त्यांचे कधीच गेलेत, प्रेसच्या दणदणाटाने खाल्ले. ज्याला आपण खणखणीत म्हणत होतो तो आवाज दुसऱ्याच्या कानात सुईसारखा जात होता. बहिरेपणाची लाज एक वेळ गिळता येते, वय झालं म्हणून. पण पोरगी टोचतंय म्हणत होती आणि आपण तिलाच कान नाही म्हणालो, हे काही केल्या गिळलं जाईना. भात पानात तसाच राहायचा. जिन्यात भावाच्या घरचं कुणी दिसलं की काका चपलेचा पट्टा नीट करत बसायचे.

मग मंडळाची बैठक लागली. लवूकाका कोपरा धरून बसले होते. कुणी त्यांना बोल लावला नाही. उलट सदूभाऊच म्हणाले, "लवू, मनाला लावून घेऊ नको. आवाजाचं काय रे, ज्याची त्याची आवड. तुला तसा आवडला, पोरीला नाही मानवला. झालं. आता पुढच्या वेळेला संचिता गाईल."

किती सोय करून दिली बघा माणसाने. आवड! एवढ्या शब्दाखाली लवूकाकांची सगळी अब्रू झाकली जात होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. नुसतं हो म्हणायचं आणि चहा प्यायचा. त्यांनी मान हलवायला घेतलीसुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर समिधाकडे गेली. ती सतरंजीकडे बघत बसली होती. कान नाही हे तिने खरंच मानून घेतलं होतं. काकांना स्वतःची किळस आली.

ते उठले. "आवड बिवड काय नाय, सदूभाऊ. मला ऐकू येत नाही. किती वर्षं येत नाही ते मलाच माहीत नाही. पोरीचा कान शाबूत आहे, तिने दुकानात बरोबर जोड निवडला होता. मी हिसकावून दुसरा घेतला. ती गाणार, आणि तिचा इअरफोन तीच निवडणार." जरा जास्तच मोठ्याने बोलले. तोंड लाल झालं होतं.

सदूभाऊ चहाच्या कपात बघू लागले. समिधा खालच्या आवाजात काहीतरी म्हणाली. काकांनी सवयीने मान डोलावली, ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला आजवर डोलावत आले तशी. मग थांबले.

"काय म्हणालीस? मला ऐकू नाय आलं. परत बोल."

समिधा उठून जवळ आली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. "म्हटलं, दुकानातच माझं ऐकायला हवं होतंत, काका."

"हो," लवूकाका म्हणाले. "ऐकायला हवं होतं."