तीस कादंबऱ्या माझ्या, शाल नवऱ्याला

गटातल्या सगळ्यांनो, डोकं लय तापलंय. स्वयंपाक सोडून लिहायलेय.

यंदा तीस कादंबऱ्या वाचणार, असं मी जानेवारीत इथंच बोलले होते. जिंतूरच्या बसमध्ये वाचल्या, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचल्या. एक संपली की किचनमधल्या कॅलेंडरवर फुली. परवा तिसावी फुली मारली.

आज आमच्या गावच्या वाचनालयात वर्षभर सगळ्यात जास्त वाचणाऱ्याचा सत्कार होता. मी ठेवणीतली साडी नेसून पुढं बसले. माईकवर नाव पुकारलं, तर आमच्या ह्यांचं!

कारण काय, तर कार्ड त्यांच्या नावावर हाय. लग्नानंतर मी वेगळं कार्ड मागितलं, तेव्हा ग्रंथपाल काका म्हणाले होते, "घरात एक कार्ड बास झालं, सूनबाई."

वाटलं, हे उठून खरं सांगतील. उठले, पण शाल घ्यायला! वर भाषण ठोकलं, "चार पानं वाचल्याशिवाय मला झोप येत न्हाई." ह्या माणसानं वर्षभरात लग्नपत्रिकेशिवाय काही वाचलेलं मी पाहिलं न्हाई.

मग अध्यक्षांनी विचारलं, "सगळ्यात आवडलेली कादंबरी कोणती?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी छताच्या पंख्याकडं बघत बसले.

"सगळ्याच चांगल्या होत्या," म्हणाले. त्यालाही टाळ्या!

आत्ता शाल खुर्चीवर टाकून विचारायलेत, "आज चूल बंद का?"

मी म्हणाले, "गॅसच्या कार्डावरबी नाव तुमचंच हाय. थापा भाकरी."

सांगा, काय चुकलं माझं?