खडकमाळची साडी

आई गेली त्या सकाळी मला रडू यायच्या आधी राग आला. देवावर आला, हे लिहायला मी लाजत नाही. जिनं दर रविवारी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाला भंडारा वाहिल्याशिवाय चहासुद्धा घेतला नाही, तिला शेवटी एकेका श्वासासाठी एवढं झगडावं लागत असेल, तर हा देव नेमका कुणाच्या बाजूचा? असले प्रश्न मला पहिल्यापासून पडतात. मी गावोगाव फिरून लेकींच्या हक्काची पत्रकं वाटते, बायकांच्या बैठका घेते, वेळ आली तर तहसीलपुढे बसते. देवळात मी जातच नसे असं नाही, पण गेले तर गाभाऱ्यात बायकांना का येऊ देत नाही एवढं विचारायला. माझ्यासारखीनं असा अनुभव लिहायला घ्यावा याचं ओळखीच्यांना नवल वाटेल. मलाही वाटतं. जे घडलं ते घडलं तसं सांगते. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, मिरजगावपासून आत. वडील मागेच वारले. घरात मी, माझा थोरला भाऊ आणि आमची आत्या. आत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण, आईच्या जोडीनं आयुष्य काढलेली. आईचं हृदय कमजोर झालं होतं आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे अचानक काही झालं असं म्हणता येत नाही. मरण झालेल्या घरात कामं न सांगता वाटली जातात. दादानं पाहुण्यांना फोन लावले, भावकीतल्या पोरांनी सरपणाचा ट्रॅक्टर नदीकडे नेला, कुणी मोटारसायकलवर मिरजगावला सामान आणायला गेलं. अंगणात तीन दगड मांडून पाणी तापत ठेवलं. आंघोळ घालायला बायका पदर खोचून जमल्या आणि तिथं सगळं अडलं.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरची लागते. सासरी किती का वर्षं राबलेली असेना, माहेरचा माणूस साडी घेऊन आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. का म्हणून? पुरुषाला विचारतं का कोणी, तुझा शेवटचा सदरा कुठून आला म्हणून? यावर मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. आईनं ते वाचलं आणि कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "हे न्हाई छापायचं. ती साडी मला पायजे." पत्रक तिथंच राहिलं.

तिच्या माहेरचं नाव खडकमाळ, पारनेरकडच्या डोंगराखाली. दोन भाऊ, जमीन बऱ्यापैकी. आजोबा वारल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं. बहिणींनी वाटा सोडल्याची सही द्यायची, साडीचोळी घ्यायची आणि गप सासरी जायचं, असा तो व्यवहार असतो. बाकीच्या बहिणींनी सह्या दिल्या. आईनं दिली नाही. देऊ नको असं तिला सांगणारी मीच होते. ते चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण तिनं सही नाकारली ती नुसती माझ्या सांगण्यावरून नव्हे. भावांना ती तोंडावर म्हणाली होती, "मला वाटा पन पायजे आन् साडी पन. मी काय हितं परकी हाय का?" भावांनी दोन्ही तोडलं. दावा कोर्टात गेला आणि भाऊबीज बंद झाली. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझी आई दोन भाऊ असून चंद्राला ओवाळायची. आणि शेवटच्या दुखण्यात आत्याचा हात धरून म्हणायची, काही करा, माझ्या अंगावर खडकमाळची साडी घाला.

दादानं थोरल्या मामाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळ्या अंगणानं ऐकलं.

"वाईट झालं," मामा म्हणाला. "गाडी दारात हुबीच हाय. साडी आनतो, धाकल्याला बी आनतो. फक्त तेवढं सहीचं बघा. आता तुमी दोघंच वारस. दोन वळी लिहा, सह्या करा आन् फोटो टाका. फोटो आला का आमी निघालो."

मी दादाच्या हातातून फोन घेतला. "मामा, तुमची बहीण अंगणात पडलीय."

"म्हनूनच म्हनतो बाय, उशीर नको."

दादानं फोन परत घेतला, मला बाजूला नेलं आणि वहीचा एक कागद पुढे धरला. त्याला दोष देत नाही. त्याला आईची साडी दिसत होती, दुसरं काही दिसत नव्हतं. "लिहून दे ना. मी बी करतो सही. आई काय आता औत धरायला जानार हाय का तिथं?" आत्या जवळ येऊन उभी राहिली, पण सही कर असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "ऊन तापाया लागलंय पोरी. किती वेळ ठिवायची तिला?"

अशा चिठ्ठीला कोर्टात कितीशी किंमत, हे मला कळत होतं. पण प्रश्न कोर्टाचा नव्हता. जी सही आईनं जिवंतपणी दिली नाही, ती तिला आंघोळ घालायच्या आधी मी द्यायची? आणि नाही दिली, तर जी एक गोष्ट तिनं मागितली ती मी माझ्या हातानं बुडवायची? मी लोकांना नेहमी सांगते की दोनच रस्ते आहेत असं कुणी म्हणालं तर तिसरा शोधा. मला तिसरा सापडेना. कागद घेऊन आत गेले आणि लिहायला टेकायला दुसरी जागा नव्हती म्हणून आईच्या देव्हाऱ्यापुढे बसले. पहिली ओळ लिहिलीसुद्धा. दुसरीला हात चालेना.

समोर खंडोबाचा टाक होता, आदल्या रविवारचा भंडारा त्याच्यावर अजून तसाच. आईला उठवत नव्हतं तरी आत्याच्या आधारानं तिनं तो वाहिला होता. मी त्या टाकाकडे बघून बोलले. प्रार्थना कशी करतात ते मला येत नाही, मी बोलते तशीच बोलले. म्हटलं, "तिला दोन्ही हवं होतं. माझ्याच्यानं दोन्ही होत नाही. मी सही करणार नाही, आणि त्यांच्या दारात साडीची भीकही मागणार नाही. इथून पुढं माझ्या हातात काही नाही. तुझी भक्तीण आहे, तुझं तू बघ." कागद चुरगाळून मुठीत धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट आपणहून अर्धी सोडून उठले, आणि गंमत म्हणजे सकाळपासून छातीत जे घट्ट आवळलं होतं ते सुटलं. काही मिळालं नव्हतं, काही ठरलंही नव्हतं. नुसतं सुटलं.

बाहेर येऊन सांगितलं, "सह्या होणार नाहीत. पेटीत माझी एक नवी साडी आहे, ती नेसवा आणि उचला."

गलका झाला. भावकीतले वडीलधारे तात्या काठी आपटत म्हणाले, "तुझ्या पत्रकापायी आईला बेवारशावानी लावती व्हय? लेकीची साडी म्हायेरची कशी हुईल?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात अंगणाच्या कडेच्या हापशावरून आवाज आला.

"कोन गेलं वो?"

एक मेंढकी बाई हापशावर घागर भरत होती. ज्वारी काढून झाली की आमच्याकडे धनगरांची मेंढरं रानात बसवतात, खतासाठी. चुलत्यांच्या रानात त्यांचा तळ पडला होता. आईच्या दुखण्यात आमचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आमची वयनी," आत्या म्हणाली.

"मंग आजून हितंच का ठिवली?"

"म्हायेरच्या साडीसाठी थांबलोय."

"म्हायेर कुठलं त्यांचं?"

"खडकमाळ."

बाईनं घागर हापशाखालून काढून बाजूला ठेवली. "पारनेर अंगाचं? डोंगराच्या बुडाचं?"

"व्हय."

"मी तिथलीच की," ती म्हणाली.

तिचं नाव ठकूबाई. खडकमाळच्या धनगरवाडीतली लेक, लग्न होऊन दुसरीकडे दिलेली, आणि वर्षाचे बरेच महिने मेंढरांमागं रानोमाळ. आईला तिनं कधी पाहिलं नव्हतं. "ह्यांचं लगीन झालं तवा मी जलमले बी नसन," असं तीच म्हणाली. तरी ती येऊन आईच्या पायाशी बसली, तोंडावरचं पांघरूण सारून नीट बघितलं आणि उठली. "थांबा उलीसं. न्हेऊ नका." मग रानाच्या दिशेनं जवळजवळ पळत गेली. आम्ही सगळे उभेच होतो.

परत आली तेव्हा तिच्या काखेत कागदात गुंडाळलेली साडी होती. हिरवी, काठाला बारीक जर. घोड्यावरच्या बोचक्यात तळाला ठेवलेली. "भाऊबीजेला भावानं घेतलीय. जत्रंला नेसाया म्हनून ठिवली हुती, घडी मोडली न्हाई आजून. खडकमाळवरनंच आलीय बगा."

मी ते ऐकलं आणि खाली बसले.

तात्या मात्र सावरले. "बाई, तू दिलीस हे बरं केलंस. पन तू धनगराची. आन् साडी हिरवी, वयनी रांडवल्याली. हिरवी कशी चालंल?"

माझ्याजवळ याला लांबलचक उत्तर होतं. जातीवर एक पत्रक झालंय, विधवांवर दोन. मी उठायच्या आत ठकूबाई बोलली, आणि तिचा आवाज चढलासुद्धा नाही. "ही गावची लेक हाय, मी बी गावची लेक हाय. त्यात जात कुठं आली? आन् तात्या, रांडाव आन् सवाशीन हे सासरचं. म्हायेरात नुसती लेक असती. आमी आमच्या लेकीला हिरवी नेसवतो. तुमाला काय करायचंय?"

आत्यानं साडी तिच्या हातातून घेतली आणि छातीशी धरली. वडील गेले तेव्हा आईच्या आणि आपला नवरा गेला तेव्हा स्वतःच्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरलेल्या आत्यानं पाहिल्या होत्या. ती रडत होती, तरी तात्यांना म्हणाली, "तुमी जावा बरं नदीला. सरपन वलं हाय का वाळल्यालं ते तरी बगा." बायकांत त्या तसल्या वेळीही हसू फुटलं. तात्या काठी उचलून गेले.

ठकूबाईनं स्वतः आईला साडी नेसवली. माहेरच्या बाईचा तो मान असतो आणि तो तिनं नीट घेतला, निऱ्या सारख्या केल्या, पदर डोक्यावरून आणला. मग कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून आईच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "जा बाय सुखानं." आई मला त्या साडीत अनोळखी वाटली, इतकी तरुण. हिरव्यात मी तिला लहानपणी पाहिलं असणार, पण आठवत नव्हतं.

तिरडी उचलायच्या वेळी मामाचा परत फोन आला. दादानं स्पीकर लावला नाही. कानाला धरून ऐकलं आणि म्हणाला, "साडी आली मामा. खडकमाळवरनंच आली. तुमी माती द्यायला या, नायतर राहू द्या." फोन खिशात टाकला आणि खांदा द्यायला पुढे झाला. मामा आले नाहीत. आईच्या चितेला अग्नी दादानं आणि मी मिळून दिला, आणि त्याला त्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही.

मला तर्क कळतो. मेंढरं दरवर्षी येतात, वाड्या-वस्त्यांवरून येतात. त्यात एखादी खडकमाळची लेक असणं अशक्य नाही. भावानं दिलेली साडी बाई जपून ठेवते, तेही साहजिक आहे. हे सगळं मी स्वतःशी मांडून पाहिलंय आणि त्यात एकही गोष्ट अघटित नाही. फक्त त्या सकाळी ती सगळी माझ्या आईच्या अंगणात एकत्र आली, आणि आली ती मी हात टेकल्यावर. माझ्या धडपडीनं त्यातलं काहीच झालं नाही. मला तिसरा रस्ता सापडला नव्हता. तो आपल्या पायांनी पाणी भरायला आला.

मरण झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, सोयरे भाकरी आणतात. त्याला कडू घास म्हणतात आणि पहिला घास माहेरचा असतो. दिवस कलताना ठकूबाई टोपलीत भाकरी आणि पिठलं घेऊन आली. बदल्यात दादा तिला नवी साडी देऊ लागला, तर तिनं हात मागे घेतला. "भावाच्या साडीचा बदला घेत्यात व्हय?" मग माझ्यापुढं भाकरी मोडून धरली. "खा. आजोळची हाय." भाकरी जाड होती, धुराचा वास असलेली. मी खाल्ली आणि मला आणखी हवी होती.

दावा अजून चालू आहे. आता वारस म्हणून आम्ही उभे आहोत आणि वाटा मी सोडणार नाही, पत्रकंही सोडणार नाही. जे हक्काचं आहे ते भांडूनच घ्यायचं, असं मी आजही बायकांना सांगते. पण भांडून न मिळणारंही काही असतं आणि ते कुणाच्या तरी हातून येतं, एवढं मला आता ठाऊक आहे. म्हणून तारखेला निघताना मी देव्हाऱ्यापुढे थांबते. भंडारा वाहते, आईसारखा नीट जमत नाही, सांडतो. खंडोबाला म्हणते, वाट्याचं मी बघते. बाकीचं तू बघ. तुला जमतं.