बारा तुळया

काका चहा गार करून प्यायचे आणि मग गार झाला म्हणून कुरकुरायचे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचे. ताजा भुसा हुंगायचे. कबुतरांना अहो-जाहो करायचे आणि चर्चच्या कमिटीच्या अध्यक्षांना अरे-तुरे. शाळेत दोघं एका बाकावर होते, एवढंच कारण.

काका सुतार. आमचे शेजारी. मी साहित्यात एम.ए. झालो तेव्हापासून मला पंडित म्हणायचे. "पंडित, एवढं वाचलंस, पण एक खिळा सरळ बसत नाही तुझा."

गेल्या वर्षी जुन्या चर्चचं छप्पर गळू लागलं. कौलं उतरवल्यावर कळलं, बाराही तुळयांची उत्तरेच्या भिंतीतली टोकं कुजली होती. इंजिनिअर म्हणाला, "सगळ्या काढा. लोखंडी घाला. कटकट मिटेल."

"फादर," काका म्हणाले, "दाढ किडली म्हणून जबडा काढतात का?"

फादर हसले. इंजिनिअर हसला नाही. "सांधा निसटला तर? खाली माणसं बसतात."

काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाले, "एक करून दाखवतो. वजन टांगून बघा. पटलं तर बाकीच्या राहू द्या."

त्या एका तुळईला अठरा दिवस लागले. कुजकं टोक कापलं. जुन्या लाकडात खाच केली, नव्यात तिच्या मापाची जीभ. वर लाकडी खुंट्या. मग तुळईला वाळूची पोती टांगली, तीन दिवस. तीन दिवस काकांना जेवण गेलं नाही.

"पोती तुळईला टांगलीत की तुमच्या गळ्याला?" काकू म्हणाल्या.

तुळई केसभरही वाकली नाही. इंजिनिअरने दोनदा मोजलं. "बाकीच्याही करा. पण तुम्हीच. दुसऱ्या कुणाच्या हातावर मी सही करणार नाही."

मी म्हटलं, "काका, कुणाला तरी शिकवा हे."

"बारा होऊ देत. मग सवडच सवड."

सात झाल्या. सोमवारी सकाळी काका अंघोळीला गेले. काकूंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मला.

आज फादरबरोबर परांचीवर चढलो. उद्या इंजिनिअर लोखंडाचं माप घ्यायला येणार आहे. आठव्या तुळईचं कुजकं टोक कापलेलं आहे. नवा तुकडा जीभ काढून तयार आहे. खाच अर्धी कोरलेली. उरलेल्या अर्ध्या भागावर पेन्सिलीच्या रेघा आहेत. अजून चार बोटं खोल जायचं होतं.