बेळगावात मी रुसले न्हवते

माझ्या भाचीच्या लेकीचं लगीन बेळगावात होतं. भाची म्हणजे माझी लेकच. बहीण वारली तवा ही तीन वर्षांची. माझा नवरा त्याच्या आधीच गेलेला. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून मी तिला वाढवली. नाकाला फडकं बांधायचं, दिवसभर शिंकायचं, सांजच्याला घरला जायला बोरगावची गाडी धरायची. झालं ते झालं. रडत बसाय सवड न्हवती.

हळदीदिवशी मानाच्या साड्या वाटल्या. वाटता वाटता एक कमी पडली, ती नेमकी माझी. भाची तोंड एवढंसं करून म्हणाली, "मावशी, तुझी उद्या देते गं." मी म्हटलं, "असू दे." माझ्या मनात काय न्हवतंच.

सकाळी कार्यालयात अंघोळीची घाई. अक्षता दुपारच्या. कुणीतरी चहा आणला, मी नको म्हटलं, चप्पल घातली आणि पडले बाहेर. कुणाला सांगायचं ध्यानातच आलं न्हाय.

जन्मभर लई चालले, पण डोक्यावर वझं न्हायतर पुढं काम. त्या दिवशी दोन्ही हात मोकळे. कुठं ठेवायचे तेच कळंना. शेवटी शाळेतल्या मास्तरासारखे पाठीमागं बांधले आणि गणपत गल्लीतनं निघाले. एक फुलवाली कानडीत म्हणाली, "बर्री अक्का, कूत्कोर्री." स्टूल दिलं, बसले. तिनं अबोलीचा गजरा पुढं केला. मी म्हटलं, "केस बघ की माझे, उंदराच्या शेपटीएवढे." ती म्हणाली, "मग उंदराला माळा!" दोघीबी खिदळलो. गजरा मनगटाला बांधला.

खडेबाजार झाला, बोगारवेस झाली, विचारत विचारत कॅम्पात पोचले. केवढी झाडं! चर्चची घंटा वाजत होती. पळणाऱ्या जवानांची रांग आली, मी कडंला झाले, तर पुढच्यानं मला सलाम ठोकला. मीबी ठोकला. बेकरीत गरम पाव घेऊन रस्त्यातच खाल्ला. बाईमाणसानं रस्त्यात खाऊ न्हाय म्हणून आईनं एकदा मारलेलं आठवलं. मग दुसरा घेतला.

तो तोंडात असतानाच स्कूटर येऊन थांबली. भाचीचा नवरा. अंगावर रेशमी सदरा, कानाला हळद. भर रस्त्यात हात जोडले.

"मावशी, चुकलं आमचं. चला. पाया पडतो."

"काय झालं जावईबापू?"

"तुमी रुसून गेलासा. चहाबी घेतला न्हाईसा. तीन स्कूटरी तुमाला हुडकाय लागल्यात. ही रडाय लागलीया. नवरी म्हणतीया, आज्जी आल्याबिगर बोहल्यावर चढणार न्हाय."

"रुसलंय कोण? मी गाव बघाय आलीया!"

"रुसलेली माणसं असंच म्हणतात, मावशी."

"पाव खात कुणी रुसतं व्हय?"

"उपाशी रुसलासा, भूक लागणारच की."

उरलेला पाव तोंडात कोंबला आणि बसले स्कूटरवर.

दारातच भाची पळत आली. डोळे सुजलेले, हातात तिची स्वतःची लग्नात नेसायची नवी साडी. "मावशी, पोटाला चिमटा घेऊन तू मला वाढवलीस, आणि मी तुझाच मान इसरले." मी तीनदा सांगितलं, रुसले न्हाय गं. ती जास्तच रडाय लागली. नवरदेवाकडची एक म्हातारी माझ्या कानात म्हणाली, "बरोबर केलंसा अक्का. मीबी धाकट्याच्या लग्नात दोन तास गच्चीवर बसलते."

तवा मला कळलं. रुसायला मागनं हुडकत येणारं माणूस लागतं. वखारीत मी कुणावर रुसणार हुते? आज तीन स्कूटरी माझ्यामागं सुटल्या हुत्या. मी तोंड फुगवलं.

"बरं, रुसलते."

भाचीनं नाक पुसलं. "मग साडी घे."

"ती तू नेस, मुहूर्त जवळ आलाय. मला उद्या इथली शहापूरची पेठ दाखव. चालत."

"उद्या पूजा हाय गं मावशी."

"मग परत रुसते."

ती रडता रडता हसली. "पूजा झाली की जाऊ. आमी दोघीच."

आत नवरी आरडली, "आली का गं आज्जी?" मी मनगटावरचा गजरा सोडला आणि तिच्या केसात खोवायला गेले.